चार टायरांची वाटणी

"मनू माझ्या गाडीत बसेल," चंदू म्हणाला.

"ताई माझ्या गाडीत बसेल," प्रभाकर म्हणाला.

दोघेही माझ्याकडे बघून बोलत होते, कारण माझे हे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मलकापुरातल्या आमच्या घरासमोर दोन पांढऱ्या अ‍ॅम्बॅसिडर उभ्या होत्या, एकीचं तोंड कोल्हापूरकडे आणि दुसरीचं आंबा घाटाकडे. सत्त्याण्णव सालची वसुबारस. शाळेला सुट्टी लागली होती आणि मला दिवाळीसाठी खाली साखरप्याला, माहेरी न्यायला दोघेही आले होते. एकाने येऊन भागलं असतं. पण एकाने ताईला आणलं तर गावात दुसऱ्याचं नाक कापलं जाणार होतं.

"बरं," मी म्हणाले. "मी प्रभाकरच्या गाडीत, मनू चंदूच्या. बॅग प्रभाकरकडे, फराळाचा डबा चंदूकडे. झालं समाधान?"

आमचे हे पायरीवर उभे राहून हसत होते. "हिला कोर्टात नेमा," म्हणाले, "एका दिवाळीत सगळे दावे निकालात निघतील."

माझी मुलगी मनू तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला चंदूमामाच हवा होता, कारण त्याच्या गाडीत टेप होता आणि तो गाडी जोरात मारायचा. स्वतः चिकटवलेला निळा आकाशकंदील मांडीवर घेऊन ती पुढच्या सीटवर बसली. मी खिडकीशी जाऊन आकाशाकडे बघितलं. आकाश स्वच्छ होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण तेव्हा मी ते मुद्दाम बघितलं होतं.

"चंदू, हळू जा हं."

"ताई, मी काय पोरगा आहे काय आता? तीस वर्षांचा घोडा झालोय."

"घोडाच झालायस, म्हणून सांगते."

तो हसत गेला. आम्ही लगेच निघणार होतो, पण ह्यांनी प्रभाकरला चहासाठी थांबवून घेतलं आणि त्यात पंधरा मिनिटं गेली.

आंब्यापर्यंत रस्ता कोरडा होता. प्रभाकर फारसा बोलायचा नाही. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण लहानपणापासून म्हाताऱ्यासारखा. आईचे गुडघे, नारळ किती निघाले, एवढं सांगून झालं आणि तो गप्प झाला. आंबा गाव मागे पडलं तसं काचेवर चार थेंब आले. मग वायपर लावावा लागला. घाटाच्या तोंडाशी पोचलो तर खालून धुकं चढत होतं आणि रस्ता काळा, ओला चकचकीत झाला होता.

 दसऱ्याच्या सकाळचं टायरवाल्या इब्राहिमचाचांचं बोलणं मला जसंच्या तसं आठवलं.

आमचे वडील, आबा, साखरप्याला दोन टॅक्स्या चालवायचे. वैशाखात ते अचानक गेले आणि चार महिन्यांत भावांचं असं काही बिनसलं, की वाटण्या करायची वेळ आली. आमच्याकडे मोठ्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, अशी रीत आहे. पण प्रभाकरने केलेले वाटे चंदूला मान्य नव्हते आणि चंदूने आधी उचलणं प्रभाकरला. म्हणून मला बोलावलं. मी थोरली, त्यातून गणिताची मास्तरीण. तीन दिवस खपून मी सगळं निम्मंनिम्मं केलं. घराच्या मधे भिंत आणि दोन दारं. आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. गाड्या एकेक. शेवटी आबांचा एक धड जॅक आणि एक पाना उरला, तर जॅक प्रभाकरला दिला आणि पाना चंदूला. चाक काढायचं तर एकाला दुसऱ्याचं दार वाजवावं लागेल, असा माझा त्यात डाव होता. तो साफ फसला. दोघेही चाक काढायला नाक्यावर चाचांच्या टायरच्या दुकानात जायला लागले.

आणि उरले चार टायर. जायच्या आठवडाभर आधी आबांनी कोल्हापूरहून आणलेले, कागदसुद्धा न काढलेले नवेकोरे रेडियल. मी दोन-दोन केले. दसऱ्याला दोघांनी गाड्या चाचांच्या दारात लावल्या, आणि ते दोघे वेगवेगळ्या टपऱ्यांवर चहाला गेले तेवढ्यात चाचांनी मला बाजूला घेतलं.

"हेमाताय, हे चारी एका गाडीला लागतात."

"मग दुसऱ्याला काय देऊ, चाचा? काही उरलंच नाही."

"काय पण दे. पण हे तोडू नको. गाडीला आत्ता हायत ते नायलॉन, हे रेडियल. रेडियलची कूस, ही बाजू, मऊ. वळणावर ती दबते, पण टायर रस्ता सोडत नाय. नायलॉन ताठ, ते आधी सुटतं. पुढचं धरून बसलं नि मागचं सुटलं की गाडी फिरते. ओल्या घाटात तर बोलायलाच नको."

"मग नवे मागे लावा."

"निदान तेवढं तरी कर म्हणतो मी. पण तुझे भाव ऐकतायत काय? दोघांना नवं पुढंच पायजे."

ते खरं होतं. आमच्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरांची हीच पद्धत. स्टेअरिंग पुढच्या चाकांना, म्हणून नवं ते पुढे.

मी चाचांना काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "चाचा, तीन दिवसांनी कशीबशी वाटणी मिटली आहे. आता ती मोडायची नाही. गपचूप लावा. आणि हे तुमच्या-माझ्यातच राहू दे."

चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि चाकाखाली जॅक सरकवला. गावात चार लोकांनी मास्तरीणबाईंच्या वाटणीचं कौतुक केलं होतं. मला ते आवडलं होतं.

"हळू घे रे," मी प्रभाकरला म्हणाले.

"हळूच आहे. तिसऱ्यात आहे गाडी."

दुसरं वळण गेलं. तिसऱ्या वळणावर समोरून एक ट्रक चढत आला म्हणून प्रभाकरने ब्रेकवर नुसता पाय ठेवला. पुढची काच डोंगराकडे वळली आणि माझी पाठ दरीकडे निघाली. आवाज काहीच झाला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि खिडकीत रस्ता नव्हता, नुसतं पांढरं धुकं होतं. प्रभाकरचे हात स्टेअरिंगवर उलटे फिरत होते. ट्रकवाल्याने लांब हॉर्न मारला. गाडी रस्त्यात आडवी होऊन थांबली आणि ट्रक आमच्या नाकासमोरून हातभर अंतराने वर गेला.

 मग प्रभाकरने गाडी सरळ केली, डोंगराच्या बाजूला घेऊन उभी केली आणि हँडब्रेक ओढला. 

"माझं काय चुकलं नाय, ताई," तो म्हणाला. "अठरा वर्षं ह्या घाटात चालवतोय. वेग नव्हता. ब्रेक नुसता टेकवला. पुढचं जागेवर राहिलं आणि मागचं निघून गेलं. असं कधी झालेलं नाय."

"टायर," मी म्हणाले.

"टायर नवे आहेत."

"नवे पुढे आहेत, प्रभाकरा."

आणि मी सांगितलं. कूस, नायलॉन, वाटणी, गपचूप लावा, सगळं. बोलताना मी त्याच्याकडे बघितलं नाही, वायपरकडे बघत होते. सांगून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुला माहीत होतं."

"हो."

"चंदूच्या गाडीला पण तसेच."

"हो."

"आणि मनू त्याच्या गाडीत."

यावर मला हो म्हणता येईना.  सकाळी आकाश बघितलं तेव्हा मला हे आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. ढग नाहीत, मग कशाला विषय काढायचा, असं म्हणून मी ते झाकून टाकलं होतं. माझ्या पोटच्या पोरीला मी माहीत असून त्या गाडीत बसवलं होतं.

"चल," मी ओरडले. "चल ना! गाठ त्याला. जोरात चालव."

"जोरात चालवलं तर आपण खाली जाऊ."

"जाऊ दे."

"मग मनूला कोण आणणार?"

त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि आम्ही निघालो. घाईत असताना इतक्या हळू जाण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. कुणी चालत चाललं असतं तर आमच्या बरोबरीने उतरलं असतं. वळण आलं की प्रभाकर श्वास रोखायचा आणि वळण संपलं की सोडायचा, आणि थोड्या वेळाने माझाही श्वास त्याच्याबरोबर बंद-चालू व्हायला लागला. मी दरीकडची काच खाली करून डोकं बाहेर काढून बसले होते. साडी भिजली, चष्मा भिजला. काय शोधत होते ते मला माहीत होतं आणि ते दिसू नये म्हणून देवाला विनवत होते. चंदू पंधरा मिनिटं पुढे आणि जोरात जाणारा. एव्हाना तो खाली तरी पोचला असेल, नाहीतर पोचणार नसेल.

एका वळणावर प्रभाकरने गाडी थांबवली.

समोर कठड्याचा चुना लावलेला भाग तुटला होता. चांगलं मोटार जाईल एवढं खिंडार. पलीकडे काहीच नाही.

"तू बस," तो म्हणाला आणि उतरला.

मला उतरायचंच नव्हतं. पाय उचलत नव्हते. तो धुक्यात कडेपर्यंत गेला, वाकला, आणि मग दोन्ही हात तोंडाशी धरून त्याने हाक मारली, "मनूऽऽ! चंदूऽऽ!" त्या आवाजाने मी दोन्ही कान घट्ट दाबून धरले. उत्तर आलंच तर ते कुठून येईल, याची मला भीती वाटत होती.

तो परत आला. "जुनं आहे गो," म्हणाला. "दगडांवर गवत उगवलंय."

मला रडू फुटलं. त्याने मला रडू दिलं आणि गाडी चालू केली.

पुढे दोन वळणं गेल्यावर हॉर्न ऐकू आला. खालून, धुक्यातून. थांबून थांबून, एकाच सुरात. प्रभाकरने इंजिन बंद करून कान दिला. "चंदूचा," म्हणाला. आबांनी दोन्ही गाड्यांना वेगवेगळे हॉर्न बसवले होते, घरातून कोणती गाडी आली ते कळावं म्हणून.

आम्ही त्या आवाजाच्या दिशेने उतरायला लागलो. तो जवळ येत गेला तसा माझ्या जीवात जीव येत गेला. आणि मग तो बंद पडला.

"का थांबला? प्रभाकरा, का थांबला?"

त्याने वळण घेतलं आणि आमच्या दिव्यात पांढरी गाडी दिसली. तिचं तोंड आमच्याकडे होतं. घाट उतरणारी गाडी गर्रकन फिरून वर घाटमाथ्याकडे तोंड करून उभी होती, आणि मागचं एक चाक डांबर सोडून मातीत उतरलेलं. तिथे कठडा नव्हता. त्या चाकामागे वीतभर माती होती आणि मग दरी.

चंदू इतका वेळ खिडकीतून हात घालून हॉर्न वाजवत होता. आमचे दिवे दिसले म्हणून थांबला होता. कपाळ फुटून रक्त गालावर आलेलं. गाडीत कोणी नव्हतं.

"मनू कुठे आहे?" मी धावत गेले. "चंदू, मनू कुठे आहे?"

त्याने नुसतं बोट दाखवलं. रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला, कपारीखालच्या दगडावर मनू बसली होती. अंगावर चंदूचा शर्ट, हनुवटीखाली धरलेला त्याचा रुमाल लाल झालेला, आणि मांडीवर चेपलेला निळा कंदील.

"आई," ती म्हणाली, "मामाने मला आधी बाहेर काढलं. कंदील मीच काढला."

मी तिला इतकं आवळलं की ती ओरडली. हनुवटीला तीन टाके पडले नंतर, बाकी काही नाही. ती खूण अजून आहे.

मी वळून बघितलं तर प्रभाकर चंदूपुढे उभा होता. त्याने चंदूचं तोंड दोन्ही हातांत धरून दिव्याकडे वळवलं होतं, लहानपणी चंदू पडून आला की वळवायचा तसं.

"फिरली रे," चंदू म्हणाला. त्याच्याशी म्हणाला, माझ्याशी नाही. "मागनं कोणी ढकलल्यासारखी फिरली. काय कळलंच नाय."

"माझी पण फिरली. वर, तिसऱ्या वळणावर."

"तुझी पण?"

"टायरांनी. दोन रेडियल, दोन नायलॉन. एका गाडीत चालत नाय ते."

इतक्या महिन्यांत त्यांनी एकमेकांशी बोललेली ही पहिली वाक्यं. मी मनूला पोटाशी धरून ऐकत होते.

प्रभाकरची गाडी पुढे लावून, दोर बांधून त्यांनी चंदूची गाडी डांबरावर ओढून घेतली आणि दोन्ही गाड्या डोंगराच्या बाजूला घेतल्या. मग प्रभाकरने बाह्या वर केल्या.

"तुझे मागचे दोन नायलॉन माझ्या पुढं लावू. माझे पुढचे दोन रेडियल तुझ्या मागं. मग तुझ्या गाडीला चारी रेडियल, माझ्या गाडीला चारी नायलॉन. दोन्ही गाड्या सरळ चालतील."

"म्हणजे नवे चारी मला?"

"मग काय तर."

"आणि तू?"

"ह्या जुन्यांवर आबांनी तीन पावसाळे काढले. मला काय होतंय?"

गणिताची मास्तरीण मी. तीन दिवस वाटे करत बसले होते आणि एवढं मला सुचलं नव्हतं, की एकाला सगळं द्यायचं आणि दुसऱ्याने हसत राहायचं. किंवा सुचलं होतं, आणि कोणाला सांगायची छाती झाली नव्हती.

"जॅक," चंदू म्हणाला.

"माझ्या डिकीत. पाना?"

"माझ्या."

दोघेही माझ्याकडे बघून हसले. माझा फसलेला डाव असा भर पावसात, घाटात लागू पडला होता. एका जॅकवर दोन गाड्या उचलायच्या म्हणजे खटपटच. प्रभाकरच्या गाडीखाली दगड रचून ती तोलून धरली आणि जॅक चंदूच्या गाडीला लावला. दगड मी आणून दिले. मनू नट गोळा करून कंदिलात ठेवत होती. कोणी काही सांगायचं नाही, हात पुढे आला की दुसऱ्याने त्यात हवं ते द्यायचं. आबांच्या हाताखाली दोघे शिकले होते तसेच चालले होते. प्रभाकर चाक उचलताना कण्हला तर चंदू म्हणाला, "म्हाताऱ्या, बाजूला हो," आणि ते चाक त्याने स्वतः उचललं. मला वाटलं, मिटलं. देवा, मिटलं एकदाचं. घरातली भिंतसुद्धा पाडता येईल.

शेवटच्या चाकाचे नट आवळताना चंदू थांबला.

"पण इब्राहिमचाचाला हे माहीत नव्हतं काय?" तो म्हणाला. "चाळीस वर्षं टायर लावतोय तो माणूस. त्यानं सांगितलं कसं नाय?"

माझ्या हातातला दगड खाली पडला. आता सांगायचं, मी ठरवलं. तोंड उघडलं.

"सांगितलं होतं," प्रभाकर म्हणाला. तो मान खाली घालून दगड काढत होता. "मला सांगितलं. मी म्हटलं, तीन दिवसांनी वाटणी मिटली आहे, मोडायची नाय. गपचूप लाव."

माझेच शब्द. मघाशी गाडीत मी त्याला सांगितलेले.

चंदू हळूहळू उठला. हातात पाना तसाच. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"माहीत होतं, आणि मला घाट उतरू दिलास? पोर होती माझ्या गाडीत. ताईची पोर!"

"चंदू, ऐक," मी म्हणाले. "अरे, ऐक माझं..."

"ताई, तू मनूला गाडीत बसव," प्रभाकर म्हणाला. आयुष्यात कधी तो माझ्याशी त्या आवाजात बोलला नव्हता. "भिजतेय ती."

आणि मी मनूला गाडीत बसवलं. मला कोणी धरून ठेवलं नव्हतं, तोंडावर कोणी हात ठेवला नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं. चंदूच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं, हातात लोखंडी पाना होता आणि डोळे मी कधी बघितले नव्हते तसे. मला त्या डोळ्यांची भीती वाटली. ते माझ्याकडे वळू नयेत, एवढंच मला वाटलं.

त्याने पाना प्रभाकरच्या पायाशी टाकला. "घे," म्हणाला. "जॅक पण तुझा, पाना पण तुझा. तुझं तोंड परत बघायचं नाय मला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तू आणि मनू माझ्या गाडीत. त्याच्या गाडीत बसायचं नाय."

मी बसले. चार नव्या टायरांवर चंदूची गाडी एखाद्या खोलीत बसल्यासारखी सरळ उतरली. मनू माझ्या मांडीवर झोपली. मी मागच्या काचेतून बघत होते. धुक्यात दोन पिवळे दिवे आमच्या मागे येत होते, वळणावर दिसेनासे होत होते आणि पुन्हा दिसत होते. काच सारखी धूसर होत होती आणि मी पदराने पुसत होते. साखरप्याला पोचेपर्यंत पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागीलदारी प्रभाकरला गाठलं. तो हातांना लागलेलं काळं राखेने घासत होता.

"मी आज चंदूला सांगते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माझ्यामुळे तो तुझ्याशी..."

"माझ्याशी तो तसाही बोलत नव्हता, ताई. मला नवीन काय झालं?" त्याने हातावर पाणी घेतलं. "तुला दोन्ही दारांतनं यायचंय. आई आहे तोवर आहे, मग तुला दुसरं कोण आहे इकडं? राहू दे."

खोटं होतं ते. काल घाटात चंदू त्याच्याशी बोलत होता, म्हाताऱ्या म्हणाला होता. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. पण त्याने राहू दे म्हटलं आणि मी राहू दिलं, कारण मला तेच हवं होतं.

इब्राहिमचाचांनी ते शेवटपर्यंत आमच्यातच ठेवलं. त्यांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. आई गेली तेव्हा दोघे भाऊ दोन बाजूंनी खांदा द्यायला आले आणि दोन दारांनी परत गेले. दर भाऊबीजेला प्रभाकर सकाळी मलकापूरला यायचा आणि चंदू संध्याकाळी. प्रभाकरला ओवाळताना मी निरांजनाकडे बघायची आणि तो ताटाकडे बघत बसायचा. चंदू मात्र दरवर्षी मनूची हनुवटी वर करून ती खूण बघायचा आणि म्हणायचा, "ह्याचं मी त्याला माफ करणार नाय." अठ्ठावीस वर्षांत एकदाही त्याने हे म्हणायचं चुकवलं नाही. आणि अठ्ठावीस वर्षांत एकदाही मी तोंड उघडलं नाही.

गेल्या माघात प्रभाकर गेला. चंदू भिंतीपलीकडे, आपल्या ओटीवर, पाठ करून बसून होता. निघताना मी त्याच्या दाराशी गेले तर तो रडत होता. मला म्हणाला, "त्यानं एकदा जरी म्हटलं असतं ना, की चुकलं, तरी झालं असतं गो." तेव्हासुद्धा माझ्याने बोलवलं नाही.

उद्या भाऊबीज. मनूने तिच्या गाडीला चार नवे टायर घातलेत, चारी एकाच जातीचे, आणि उद्या ती मामाला आणायला घाट उतरून साखरप्याला जाणार आहे. मी दोन पाट काढून पुसून ठेवलेत. चंदू विचारेल, दुसरा कोणासाठी. तेव्हा त्याला ओवाळायच्या आधी सांगायचं, नंतर नाही, असं मी ठरवलं आहे. तो कदाचित पाटावरून उठून जाईल. आज सकाळपासून माझे पाय, त्या तुटलेल्या कठड्यापाशी झाले होते तसे झालेत, जागचे हलत नाहीत. पण ह्या वेळी खाली उतरून बघायला प्रभाकर नाही. मलाच उतरायचं आहे.